विषय: यंदाचा सिनेमा 'बेंड इट लाइक बेकहॅम' चालेल का?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

गणपती पार पडले, पातेली घासून झाली. दोन झारे कुणाचे ते अजून कळलेलं नाही, हॉलच्या कपाटात ठेवलेत. आता पुढचं. मुलं फोन खाली ठेवतील आणि आजीआजोबा पेंगणार नाहीत असा सिनेमा शोधा, असं कमिटीत ठरलं होतं. 'बेंड इट लाइक बेकहॅम' सुचलाय. गुरिंदर चढ्ढांचा, 2002चा. लंडनमधल्या हाउन्स्लोतल्या शीख घरातली जेस, तिला फुटबॉलचं वेड. आईचं म्हणणं, आधी चपाती गोल लाटायला शीक. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: काका

हरकत आहे. एक, मराठी मंडळात मराठी सिनेमा का नाही? दोन, ही पंजाबी मंडळींची गोष्ट आहे. आपल्या घरांत मुलींना 'खेळू नकोस' असं कोण म्हणालं? पोहणं, बुद्धिबळ, व्हायोलिन, सगळीकडे आपण स्वतः गाडी हाकत नेलं. ती रडारड, तो मोडलेला साखरपुडा, हे आपल्यात नसतं.

तीन, गेल्या खेपेला गालिच्यावर हळदीचा डाग पडला आणि अनामत रकमेतले 40 पौंड गेले. मिसळ नको.

---

प्रेषक: माई

काका, आपण 'नको' म्हणत नाही हे खरंच. आपण 'बघ बाई, तुझं तू ठरव' म्हणतो. सिनेमातली आई तोंडाचा पट्टा सोडते, पण निदान पोरीला कळतं की काय चुकलं. आमच्याकडे 'तुझं तू ठरव' झालं की पंधरा दिवस जेवताना नुसता वाट्यांचा आवाज.

साखरपुड्याचं म्हणाल, तर तो मोडतो कसा ते आठवतंय का? जेस आणि तिची मैत्रीण ज्यूल्स बसस्टॉपवर हसत, गळ्यात गळे घालून उभ्या असतात. ज्यूल्सचे केस आखूड. जेसच्या थोरल्या बहिणीचे, पिंकीचे, होणारे सासूसासरे गाडीतून जाता जाता बघतात आणि ठरवून टाकतात की धाकटी एका गोऱ्या मुलाच्या गळ्यात पडली होती! झालं, थोरलीचं लग्न अडकलं. आता सांगा, 'परवा स्टेशनवर तुमची मुलगी दिसली हो, बरोबर कोण होतं?' असा फोन आपल्यापैकी कुणाला आला नाही? मला दोनदा आलाय. दुसऱ्या खेपेला बरोबर तिचा मामाच होता.

आणि मला विचाराल तर हा सिनेमा जेसचा नाहीच, तिच्या बापाचा आहे. अनुपम खेर. नैरोबीत शाळेच्या टीमचा भारी फास्ट बोलर, इथे आला तर गोऱ्यांच्या क्लबात पगडीची टिंगल आणि दार बंद. त्याने पुन्हा चेंडू हातात घेतला नाही. म्हणून तो मुलीला अडवतो. तिने खेळू नये म्हणून नव्हे, आपल्यासारखं तिला कुणी हाकलून देऊ नये म्हणून. हे कळायला मला सिनेमा दोनदा बघावा लागला. पहिल्यांदा सगळं लक्ष लग्नातल्या कपड्यांवर.

आमच्या ह्यांनीही इथे आल्यावर तबला माळ्यावर टाकला तो टाकलाच. कारण कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लावा सिनेमा. मिसळ नको तर साबुदाणा वडे करते, डाग पडत नाहीत.

---

प्रेषक: माईंची लेक

माझं मराठी टायपिंग स्लो आहे, सांभाळून घ्या.

आई, वाट्यांच्या आवाजाचं लिहिलंस, पण पुढचं गाळलंस. मी चौदा वर्षांची. हॉकीची मॅच शनिवारी सकाळी, मंडळाचा मराठी वर्गही शनिवारी सकाळी. बाबा काही बोलले नाहीत. तू म्हणालीस, 'जा, आम्ही सांगू ताप आलाय.' मग दर दोन आठवड्यांनी मला ताप. वर्गात 'पोर फार अशक्त आहे' अशी बोलणी सुरू. कुणी च्यवनप्राश पाठवला, कुणी ओळखीच्या डॉक्टरचा नंबर दिला. जेस बूट झुडपात लपवते, मी हॉकी स्टिक तुझ्या इस्त्रीच्या टेबलामागे ठेवायचे. ती तुला दिसत होती हे मला आता कळतंय.

जेसच्या पायावर भाजल्याची खूण आहे ना, ती जेसचं काम करणाऱ्या परमिंदर नागराच्या पायावर खरंच आहे. मेकअप नाही. लहानपणी भाजलं होतं, म्हणून ती गोष्टच स्क्रिप्टमध्ये घातली. ते कळल्यावर मला तो सीन जास्त आवडायला लागला. शॉर्ट्स घालायची लाज फक्त आईमुळे नसते.

माझ्या मुलाला दाखवला तर तो म्हणाला, ती सरळ सांगत का नाही? मी म्हटलं, साबुदाणा वडा खा.

आणि काका, 'आपल्यात असं नसतं' हे तुम्ही लिहावं? एका शनिवारी मी गुडघ्यापर्यंत चिखलात दारात पोचले, तर तुम्ही डिंकाचे लाडू घेऊन उभे. तापकरी मुलीला बघायला.

---

प्रेषक: काका

आठवतंय. एका हातात स्टिक, कपाळाला टेंगूळ. मी म्हटलं, 'ताप उतरलेला दिसतो.' तू म्हणालीस, 'हो काका, घाम आला.'

घरी येऊन हिला सांगितलं, पोरगी झोपली होती, उठवलं नाही.

त्या जेसच्या बापाचं माईंनी लिहिलं ते मी काल रात्री बसून पाहिलं. थोरलीच्या लग्नाचा मांडव भरलेला, आणि तो धाकटीला फायनलचा उरलेला खेळ खेळायला जा म्हणतो. तिथे थांबवला, चहा केला, मग पुढचं पाहिलं. शेवटच्या फ्री किकला समोरच्या खेळाडूंच्या जागी तिला आई, मावश्या सगळ्या साड्या नेसून उभ्या दिसतात, तिथे मात्र मोठ्याने हसलो. ही उठून आली बघायला.

हरकत एक आणि दोन मागे घेतो. तीन कायम.

माई, तो लाडवांचा स्टीलचा डबा, झाकणावर हिच्या माहेरचं नाव कोरलेला, तुमच्याकडेच असणार. सिनेमाला येताना आणा.