मदत हवी आहे: एक्स्चेंजवर मानवी हक्क कायदा शिकायला जातेय, विषय कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेच्या एक्स्चेंजमधून एका सत्रासाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात निवड झालीये. हिवाळी सत्र, म्हणजे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पदवी इथलीच मिळणार, तिकडचे क्रेडिट फक्त जमा होणार. शिकवणी फी तिकडे भरायची नसते, त्यामुळे घरचे खूश आहेत. (राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती कृपया सुचवू नका, ती तिकडे पूर्ण पदवी करणाऱ्यांसाठी आहे. भेटतील ते सगळे काका तीच सांगतायत.)

घोडं अडलंय ते विषयांवर.

माझा प्रबंध ऊसतोड मजुरांच्या उचलीवर (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) आहे. उचल वेठबिगारीत मोडते का, एवढाच प्रश्न. आपल्याकडे घटनेचं कलम २३ आहे, १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे आणि १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एशियाडच्या मजुरांचा निकाल आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं न्या. भगवतींनी त्यात म्हटलंय. कारण पोटाची गरज हीसुद्धा सक्ती असू शकते.

युरोपातलं वाचायला लागले तेव्हा 'चौधुरी विरुद्ध ग्रीस' हा २०१७ चा निकाल हाती लागला. ग्रीसमधल्या मानोलादात स्ट्रॉबेरीच्या शेतांवर बांगलादेशी मजूर कामाला होते. पगार थकला, मागायला गेले तर राखणदारांनी गोळ्या झाडल्या. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ही युरोपीय मानवी हक्क करारातल्या कलम ४ खाली सक्तीची मजुरी ठरवली. मजूर सुरुवातीला आपणहून कामावर आला, एवढ्यावरून सक्ती नाही असं म्हणता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. आता आपल्याकडचा कोयता घ्या. (शहरातल्यांसाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टोळीत मोजणी माणसांची नाही, कोयत्यांची होते.) उचलही आपणहूनच घेतलेली असते. पण ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. बाई बाळंतपणाला टेकली तरी.

तिकडे सक्तीची मजुरी आणि मानवी तस्करी यावर एक सेमिनार आहे. मला तोच हवाय. पण आमच्या विभागात सांगितलं, आपल्या पेपरशी जुळणारेच विषय घ्या, नाहीतर परत येऊन इथला पेपर द्यावा लागेल. जुळणारा विषय म्हणजे मानवी हक्कांची तोंडओळख, जी इथे झालेलीच आहे. मग त्यासाठी इतक्या लांब जायचं कशाला?

दुसरं, व्हिसासाठी महिना ९९२ युरो दाखवायला लागतात. सगळी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्येच (दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते असं खातं) टाकायची का? बाबा एफडी मोडायला निघालेत.

आणि सेमिनारचा पेपर लिहितात कसा? आम्हाला 'सविस्तर उत्तरे लिहा'ची सवय.

प्रतिसाद १ (जुनी_एक्स्चेंजवाली)

अभिनंदन! आधी बाबांना थांबव. इरॅस्मसच्या ग्रँटचं पत्र आर्थिक पुरावा म्हणून चालतं. ग्रँट ९९२ पेक्षा कमी असेल तर फरकापुरतंच ब्लॉक्ड अकाउंट उघड. फी नसली तरी सेमेस्टरबायट्राग नावाची किरकोळ वर्गणी विद्यापीठ मागेल, ती धरून चाल.

विषयांचं. तुझ्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये (कुठले विषय घेणार याचा करार) दोन तक्ते असतात, एकात तिकडचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इथे काय माफ होणार ते. एका विषयासमोर एकच विषय अशी जोडी लावायची सक्ती त्यात नाही. सगळ्या विषयांची एक मोट बांधून इथल्या क्रेडिटसमोर ठेवता येते. विभागप्रमुखांकडे तोंडी विचारायला जाऊ नकोस. कोरा तक्ता नेलास तर 'बघू' म्हणतील. भरलेला ने, सेमिनारचा अभ्यासक्रम जोड, प्रबंधाचा मंजूर विषय जोड. क्रेडिटचा हिशोबही लिहून ने: तिकडे पूर्ण सत्राचे ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) आणि एक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचं वाचनही आलं. आपल्याकडे तासिका मोजायची सवय असल्यामुळे इथेच गाडी अडते. तू, इथलं विद्यापीठ, तिकडचं विद्यापीठ, तिन्ही सह्या विमानात बसायच्या आधी. नंतरच्या तोंडी आश्वासनाला कोणी विचारत नाही.

सेमिनार पेपरात निकालांची जंत्री देऊ नकोस. एक प्रश्न धर आणि चौधुरीत कोर्टाने कुठे हात आखडता घेतला ते शोध. गुलामगिरीसदृश स्थिती नाही, सक्तीची मजुरी आणि मानवी तस्करी, असं म्हटलंय ना त्यांनी? का म्हटलं? कारण आपली अवस्था कायमची आहे, बदलणारच नाही, असं मजुरांना वाटत नव्हतं, हंगामी काम होतं. उसालाही हंगामच असतो. झाला की पेपर!

प्रतिसाद २ (फडावरचा)

मी शिरोळ तालुक्यातला, स्वतःचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो. मजुरांची टोळी पुरवणारा मुकादम आमच्याकडून लाखांनी उचल घेऊन टोळी न आणता गायब होतो, तेव्हा आमचे मानवी हक्क कुठं जातात तेही लिहा. गावात दोन-तीन घरं त्यात बसलीत. हे मनाला लावून घेऊ नका, पण प्रबंधात दोन्ही बाजू याव्यात.

कामाची गोष्ट. तुम्ही ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिकडं. नेमका गळीत हंगाम तेव्हाच. परत येऊन कुणाला भेटणार, टोळ्या गावाकडं निघालेल्या असतील. त्यापेक्षा पावसाळ्यात, उचल वाटली जाते तेव्हा, बीडकडं एक चक्कर मारा. मुकादमाचं आणि वाहतूकदाराचं स्टॅम्पपेपरवर काय लिहून होतं ते बघायला मिळेल. माझ्याकडचे जुने कागद दाखवीन, नावं झाकून.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. @फडावरचा, वाहतूकदाराची बाजू घेतेच. उलट तुम्ही बुडालात ते पैसेही शेवटी कोयत्याच्याच नावावर चढतात का, हे मला त्या कागदांत बघायचंय. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

@जुनी_एक्स्चेंजवाली, उन्हाळी सत्र मागून घेतलं तर? तिकडे एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे हंगाम इथे बघून जाता येईल. पण प्रबंध जमा करायची तारीख आड येते. निवड झाल्यावर सत्र बदलून मिळालेलं कुणी आहे का इथे?