गुरुवारी नोटीस, शनिवारी पैसे! शाळेच्या ट्रिपचं हे असंच चालायचं काय?

उद्यमबागची आई
काल इथं एका सरांनी लिहिलं, "वर्षातनं एकदा ट्रिप असते, तेवढे अडीच हजार निघत नसतील तर पालकांनी आधी मोबाईलचं रिचार्ज बंद करावं." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही म्हणून लिहितेय. शाळेचा अभ्यास, नोटीस, फीची आठवण सगळं त्या मोबाईलवरच येतंय, सर. आमच्याकडं बेळगावात २७ तारखेला गुरुवारी रात्री पावणेनऊला मेसेज पडला, हंपी-बदामी, दोन दिवस, २,४५० रुपये, शनिवारी बाराच्या आत भरा. दोन्ही पोरं एकाच शाळेत, म्हणजे ४,९००. मालक फौंड्रीत, पगार सात तारखेला. भिशीचा नंबर या महिन्यात दुसरीचा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कधी येतात, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. शेवटी कानातलं ठेवलं आणि थोरलीचे भरले. धाकट्याला म्हटलं तू पुढच्या वर्षी जा, तर काही बोलला नाही, अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून उठला. ट्रिप नको असं कोण म्हणतंय? जूनमध्ये सांगा, महिन्याला चारशे घ्या, एवढंच मागणं आहे.

निपाणीचे गुरुजी (रिटायर)
ताई, ते मी लिहिलेलं नाही आणि रिचार्जचं बोलणं चुकीचंच आहे. पण शाळेची बाजूपण ऐका. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी हातात आल्याशिवाय तारीख सांगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात मुर्डेश्वरला मुळबागलच्या शाळेच्या चार मुली समुद्रात बुडाल्या, तेव्हापासून तर कुणी अंगावर जबाबदारी घ्यायला बघत नाही. बसचं भाडं पोरांच्या डोक्यावर ठरत नाही. ६० हजार धरा, ५० पोरं असली तर १,२०० पडतात, ३५च आली तर १,७०० च्या वर. आधी नावं पाहिजेत, तेपण पक्की. मी नोकरीत असताना दोन वेळा आयत्या वेळी गळालेल्या पोरांचे पैसे खिशातनं घातलेत, कुणी परत दिले नाहीत.

खानापूरचा शेतकरी
गुरुजी, तारीख ठरली नाही तरी ट्रिप जाणार हे तर जूनमध्ये माहीत असतंय की! दरवर्षी डिसेंबरातच जाता. आमचा ऊस तेव्हा नुकता तुटलेला असतोय, कायद्यात १४ दिवसांत बिल, आम्हाला मागच्या साली दोन महिन्यांनी मिळालं. ऊस कारखान्यात आणि घरात दमडी नाही अशी गत.

वडगाव पेठ
बायकांना बस फुकट आहे ना २०२३ पासून, मग पोरींचे कसले पैसे घेता?

निपाणीचे गुरुजी (रिटायर)
शक्ती योजना लाईनच्या साध्या बसला. बुक केलेल्या गाडीला नाही.

सीमावासी
सगळे पैशाचंच बोलालेत. मला विचारायचंय, नोटीस कुठल्या भाषेत होती?

उद्यमबागची आई
कन्नड आणि इंग्लिश. पोरीनं वाचून दाखवली.

सीमावासी
बगा! पोरं मराठी माध्यमात, आईबाप मराठी, आणि पैसे मागायची चिठ्ठी कन्नडमध्ये. जिथं १५ टक्क्यांवर अल्पभाषिक आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायच्या हे १९५६ पासून ठरलेलं आहे. आणि हंपीच का? पन्हाळा का नाही? कोल्हापूर इथनं ११० किलोमीटर, हंपी अडीचशेच्या पुढं. जवळचं टाकून लांबचं, कारण पोरांनी आपला इतिहास बघूच नये.

वडगाव पेठ
आलं का हे! तो १५ टक्क्यांचा नियम सरकारी नोटिसांचा, खासगी शाळेला कुठं लागतोय. आणि हंपी परकी आहे काय? माझी आई कन्नड, बाप मराठी, घरात दोन्ही बोलतो. पोरगं हंपीहून आलं ते आठ दिवस दगडी रथाचं चित्र काढत बसलेलं. त्याला कर्नाटक-महाराष्ट्र काय कळतंय?

सीमावासी
तुम्हाला झळ लागली नाही म्हणून बोलताय. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, माझा बाप वाट बघत गेला. १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात येऊन उभे राहा, मग सांगा.

वडगाव पेठ
तुमच्या वडिलांबद्दल मान आहे दादा, पण या बाईनं कानातलं गहाण टाकलंय आणि तुम्ही त्यावर सीमाप्रश्न मांडून बसलाय! लाज वाटू दे जरा.

सीमावासी
लाज कुणाला शिकवता? तिला चिठ्ठी वाचता आली नाही, म्हणजे भाषेचा प्रश्न तिचाच आहे, मी उकरून काढलेला नाही.

खानापूरचा शेतकरी
भांडू नका. जवळचंच बघायचं तर आमच्या तालुक्यात हलशी आहे, कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, शेजारच्या गावची पोरंसुद्धा आत गेलेली नाहीत. राणी चन्नम्मांचं कित्तूर, येळ्ळूरचा राजहंसगड, बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती. एका दिवसात होतंय, डबा घरचा, शे-दोनशेत भागतंय.

निपाणीचे गुरुजी (रिटायर)
हे पटलं. पण पालकच म्हणतात, शेजारच्या शाळेची पोरं म्हैसूरला गेली, आमची हलशीला काय? मी स्वतः ऐकलंय. बरं, ताईंचं जूनचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. तारीख नाही तरी अंदाजे रक्कम सांगता येते, आम्ही सांगत नव्हतो, ते चुकलंच. नोटीस मराठीतपण द्यायला काही अडचण नाही.

उद्यमबागची आई
गुरुजी, मान्य केलंत, बरं वाटलं. अजून एक तेवढं तुमच्या ओळखीच्या शिक्षकांना सांगा. शनिवारी वर्गात विचारलं म्हणे, "कोण कोण येणार नाही, हात वर करा." माझ्या धाकट्यानं केला, अजून चौघांनी केला. हे त्यानं मला सांगितलं नाही, त्याच्या बेंचवरच्या पोरानं सांगितलं. यादी वहीत बघून करा, पण हात वर करायला लावू नका.