अर्धी गाठी

कोणी कोणी म्हणतं की कोरोनाच्या काळात लोकांनी थाळ्या वाजवल्या, पण शेजाऱ्याला विचारलं नाही. सरसकट तसं नव्हतं हो. २५ मार्च २०२०, देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस आणि नेमका गुढीपाडवा. आम्ही सदाशिव पेठेत. घरात साखरेची गाठी नाही, कडुलिंब नाही, बाहेर पडायची सोय नाही. आईचं तोंड एवढंसं झालेलं.

आठ वाजता बेल वाजली. दारात कोणी नाही, कडीला पिशवी अडकवलेली. आत कडुलिंबाचा डहाळा आणि अर्धी गाठी, दोरा सुरीने कापलेला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःच्या गुढीची तोडून दिली होती. याच काकांशी पार्किंगवरून आमचा दोन वर्षं अबोला! (चूक निम्मी आमचीच होती, आता कबूल करतो.)

संध्याकाळी आईने त्याच पिशवीत श्रीखंडाचा डबा घालून वर पाठवला. डबा रिकामा परत येईना, एकदा लिंबाचं लोणचं, एकदा मेतकूट. बोलणं मात्र मे महिन्यात सुरू झालं, तेही जिन्यात, मास्क लावून, आणि पहिला विषय पार्किंगचाच.