स्पेनमधल्या विगोला जायचं ठरतंय, पावसाचं आणि घराचं कुणी सांगेल काय?

सूनबाई_वडगाव
नमस्कार मंडळी. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या प्रोग्रॅमिंगला आहेत, त्यांना विगोतल्या एका गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीची ऑफर आलीय, ऑक्टोबरात हजर व्हायचंय. पोरगा दुसरीत, मराठी मिडीयमला. नेटवर बघितलं तर तिथं सगळा पाऊसच. हे म्हणतात आपल्याला पावसाचं काय नवीन, पण पोराला दमा आहे, श्रावणात झड लागली की रात्र रात्र त्याला उशाला टेकवून बसवावं लागतंय, म्हणून जीव घाबरतोय. घर कसलं बघायचं, शाळेचं काय, कागदं कुठली आधीच करायची? तिकडं राहिलेल्यांनी सांगा.

जांबोटीकर
ताई, मी विगोतच असतो. पाऊस लई आहे हे खरं, वर्षाला 1700 मिमीच्या वर जातो. अटलांटिकवरनं ढग येतात आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडतात, आपल्या चोर्ला घाटाला अडतात तसंच. फक्त दिवस उलटे. जुलै-ऑगस्ट कोरडे, छान ऊन, आणि खरा पाऊस ऑक्टोबरपासनं थंडीभर. म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच्या तोंडावर येणार. बर्फ वगैरे नसतो, पण थंडी आणि ओल एकदम येते आणि ती घरात घुसते, पोराला त्रास पावसाचा नाही, त्या ओलीचा होईल.

म्हणून तिकडनं नुसते फोटो बघून वर्षाचा करार करू नका. पहिले काही आठवडे तात्पुरती जागा घ्या आणि घर स्वतः जाऊन बघा. ताज्या रंगाचा वास आला की सावध व्हा, कपाट जरा पुढं ओढून मागच्या भिंतीला हात लावा, खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके किंवा पोपडे असले तर भाडं कितीही कमी असू दे, सोडून द्या. दक्षिणेकडं तोंड, वरचा मजला, हीटिंग चालू करून दाखवलेलं, एवढं बघा. गाव सगळं चढ-उताराचं आहे, लिफ्ट पण बघा. कायद्यानं डिपॉझिट एक महिन्याचं, त्यावर जादा हमी मागितली तर दोन महिन्यांपर्यंत. आणि हवेतली ओल ओढून घेणारं मशीन पहिल्याच पगारातनं घ्या, कपडे घरातच वाळवायचे असतात, रात्रभरात त्याची टाकी भरते. पाऊस असला तरी सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडायच्याच.

निपाणीकर_माद्रिद
घराच्या आधी एक विचारा ताई, कंपनी व्हिसा कुठल्या प्रकारचा काढतीय? हायली क्वालिफाइड म्हणजे वरच्या कौशल्याच्या नोकरीचा असेल तर तुमचा आणि पोराचा अर्ज यजमानांच्या अर्जाबरोबरच जातो, तुम्हाला काम करायची परवानगी पण मिळते. साधं वर्क परमिट असलं तर त्यांनी आधी एक वर्ष राहून परमिट रिन्यू करायचं आणि मग कुटुंबाला बोलवायचं. ह्यात फार मोठा फरक आहे, सही करायच्या आधी लेखी घ्या.

कागदं म्हणजे लग्नाचा दाखला, पोराचा जन्मदाखला, पोलीस क्लिअरन्स. आपल्याकडं दाखला नुसता कन्नडमध्ये असला तर इंग्लिश प्रत काढून घ्या, तिकडं कन्नडवरनं स्पॅनिश करणारा सरकारमान्य भाषांतरकार शोधत बसाल. त्यावर राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो शिक्का, मग स्पॅनिश भाषांतर. आणि आडनावाचं स्पेलिंग बघा हो, कृपा करून! सीमाभागातल्या आपल्या लोकांचं मार्क्सकार्डावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असतंय. ते दुरुस्त करायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, आजच सुरू करा.

पोचल्यावर महानगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करायची, तिला एंपाद्रोनामिएन्तो म्हणतात, शाळा आणि दवाखाना दोन्हीला ती लागते. रेसिडेन्स कार्डाचा अर्ज एक महिन्याच्या आत. गाडीचं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढं तिथली परीक्षा द्यायची.

अनगोळची_लेक
मी पलीकडच्या आ कोरुन्यात दोन पोरं घेऊन राहिले, तर शाळेचं सांगते. सरकारी शाळा चांगल्या आहेत, फी नाही, वर्ष सप्टेंबरात सुरू होतंय म्हणून ऑक्टोबरात गेलात तर मध्येच बसेल, पण घेतात. काही विषय स्पॅनिशमध्ये, काही गालिशियन ह्या तिथल्या स्थानिक भाषेमध्ये. हे ऐकून घाबरू नका. आपली पोरं घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत हिंदी-इंग्लिश करतच वाढतात की, सातव्या वर्षी कान लवकर बसतो. तुमचंच बघा, दुपारी एकट्या घरी बसाल आणि बाहेर सगळं स्पॅनिशमध्ये. डॉक्टरसमोर पोराला कुठं दुखतंय, छातीत घरघर कधीपासनं आहे हे तुम्हालाच सांगायचं असणार, ह्यांना कामावरनं प्रत्येक वेळी येता येणार नाही. आतापासनं रोज थोडं स्पॅनिश करा. दम्याच्या औषधांची मूळ नावं डॉक्टरांकडनं इंग्लिशमध्ये लिहून घ्या, ब्रँडची नावं तिकडं वेगळी असतात.

सूनबाई_वडगाव
व्हिसाचं कुणीच बोललं नव्हतं ओ. ह्यांना आज फोन करून विचारायला लावलंय. वर्षभर पोराला घेऊन इथं थांबायचं असेल तर मग सगळाच विचार वेगळा करावा लागेल. खाण्यापिण्याचं कसं? मी मासे खाते, हे नाहीत.

जांबोटीकर
तुमचं मस्त जाईल, बांगडा, सार्डिन, शिंपल्या सगळं ताजं. ह्यांना बाहेर अवघड, आमलेट, सॅलड आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, आणि भाजीच्या नावाखाली मांसाचा तुकडा येतो ताटात, आधी विचारायचं. डाळ, तांदूळ, चपातीचं पीठ मिळतं, घरी निभतं. आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो, पोराला अंधारातच शाळेत सोडाल, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. व्हिसाचं कळलं की इथंच लिहा, घर बघायला मी येतो बरोबर.