अनुभव धागा: घरातली लाइटची दुरुस्ती, आपण कुठवर आणि वायरमन कुठून?

इंदूरकर मंडळी, पाऊस लागला की भिंतींना ओल येते आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी बोर्डातून चरचर सुरू होते. घरात एक जण म्हणतो, "स्विच तर बदलायचाय, त्यात काय!" दुसरा म्हणतो, "हातच लावू नका." नव्यानं संसार मांडलेल्या मुलामुलींनी ऐकायचं कुणाचं? म्हणून हा धागा. घरी काय करता, वायरमनला केव्हा बोलावता आणि हे कशावरून ठरवता, ते अनुभवासकट लिहा. दुकानांची आणि माणसांची नावं मात्र टाळा.

सुदामानगरहून

स्विच, सॉकेट, होल्डर, रेग्युलेटर मी घरीच बदलते. वडिलांनी लहानपणीच शिकवलं. पण एक गोष्ट त्यांच्या काळी नव्हती, ती म्हणजे इन्वर्टर. मेन स्विच पाडला की इन्वर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवर दिवे-पंखे चालू ठेवतो. म्हणजे मेन बंद, तरी बोर्डात करंट आहेच! एकाच बोर्डात मोठ्या सॉकेटला मेनची वायर आणि दिव्यांना इन्वर्टरची, असंही असतं. म्हणून मी आधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो पेटतो ना बघते. मग मेन आणि इन्वर्टर दोन्ही बंद. बोर्ड उघडला की प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावते. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढते. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर बहुतेक न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठेतरी तुटलेली असते. तिथे मी थांबते, कारण तुटलंय कुठे ते बोर्डात दिसत नाही.

राजेंद्रनगरहून

कूलरबद्दल कुणी लिहील म्हणून वाट बघत होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी लोखंडी कूलर लागतात. पत्र्याची टाकी, आत पाण्यात बुडालेला पंप आणि बरेचदा दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंग (गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर) नाहीच. पंपाचं इन्सुलेशन गेलं की अख्खा पत्रा करंट मारतो, आणि आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभे असतो. आमच्या कूलरला नुसती झिणझिण यायची. आई म्हणाली, "असू दे रे, ओलाव्यानं होतं." मी प्लग काढून ठेवला आणि वायरमनला बोलावलं. पंपाची केबल टाकीच्या कडेला घासून आतली तांब्याची तार दिसत होती. त्यांनी पंप बदलला, तीन पिनांचा प्लग लावला आणि पत्रा घासून अर्थची वायर बोल्टनं कसली. आता पाणी भरायचं ते प्लग काढूनच. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बटण न्यूट्रलवर असेल तर बंद असतानाही आत फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, चालूच असते.

रामबागेतून, जुनं घर

आमच्याकडे लाकडी पट्टीवरची वायरिंग होती, ॲल्युमिनियमच्या तारांची. एका बोर्डाला तांब्याची नवी वायर पीळ देऊन जोडलेली होती आणि तिथला प्लास्टर काळा पडला होता. तांबं आणि ॲल्युमिनियमचा असा जोड हळूहळू सैल होतो आणि तापतो. इन्सुलेशन बोटानं चोळलं तर तुकडे पडत होते. अशा घरात एक स्विच बदलायला गेलात तर तीन वायरी हातात येतात. आम्ही दुरुस्तीचा नादच सोडला आणि परवानाधारक ठेकेदाराकडून सगळी वायरिंग नव्यानं करून घेतली. वायर महाराणी रोडवरून स्वतः आणली, आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा वायरींच्या मानकाचा नंबर बघून. दिव्यांना दीड, पॉवर सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर. खर्च भारी झाला, पण सासूबाई आता निर्धास्त झोपतात.

विजयनगर, भाड्याचं घर

गिझर लावला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाइन तोडणारा स्विच, पडायची. आलेला भाऊ म्हणाला, "दीदी, डायरेक्ट कर देता हूं." मी नको म्हटलं. दुसऱ्यांना बोलावलं, तर गिझरच्या एलिमेंटमधून करंट गळत होता.

तिलकनगर, वीज देखभालीतून निवृत्त

वरच्या ताईंनी नको म्हटलं ते फार बरं केलं. डायरेक्ट करणं म्हणजे घरातलं एकमेव जीव वाचवणारं उपकरण काढून टाकणं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. अंगातून जाणारा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो, तेवढ्यावर ती हलणारसुद्धा नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र पडते. सारखी पडते म्हणून १६ अँपिअरची एमसीबी काढून ३२ ची बसवणारेही मी पुष्कळ पाहिले. अडीच एमएमच्या वायरवर असं केलं, तर एमसीबी पडण्याआधी वायर भिंतीत जळते.

घरात थ्री-फेज असेल आणि एका खोलीतले दिवे भगभगले, दुसरीतले मंद झाले, तर कारण शोधत बसू नका. मेन न्यूट्रल तुटलीय. २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. तडक मेन बंद करा आणि वीज कंपनीच्या १९१२ नंबरला फोन लावा. मीटर आणि खांबापासून मीटरपर्यंतची लाइन कंपनीची, तिथलं सील आपण तोडायचं नाही आणि वायरमनलाही तोडू द्यायचं नाही.

माझा हिशोब साधा आहे. कारण डोळ्यांना दिसतंय, करंट बंद करता येतोय आणि तो बंद झाल्याची खात्री करता येतेय, तर घरी करा. झिणझिण, जळका वास, गरम प्लेट, पुन्हा पुन्हा पडणारी एमसीबी, ओली भिंत, यांत कारण आत दडलेलं असतं. तिथे माणूस बोलवा.

धागाकर्ती

काका, एक विचारते. वायरमन काम करून गेल्यावर ते नीट झालंय हे आम्ही ओळखायचं कसं?

तिलकनगर

जाऊच द्यायचं नाही. त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडलीच पाहिजे. मग त्यालाच प्रत्येक सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये साध्या ६० वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावायला सांगा. आरसीसीबी पडली तर काम ठीक. न पडता बल्ब पेटला तर आरसीसीबी निकामी आहे किंवा कुणी ती डायरेक्ट केलीय. आणि ती पडली नाही, बल्बही पेटला नाही, तर अर्थची वायर त्या सॉकेटपर्यंत पोचलेलीच नाही. हे सगळं झालं की मग पैसे द्या.