पाठ जाड करायची तर केबल रो शेवटी का?

नाशिकचा_पहाटे५:
आमच्या जिममध्ये बॅक डेचा क्रम ठरलेला. आधी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), मग बारबेल रो (वाकून वजनाचा बार पोटाकडे ओढणं), मग लॅट पुलडाऊन (वरची दांडी छातीकडे खाली ओढणं), आणि अंगात त्राण उरलं नाही की केबल रोचे, म्हणजे मशिनवर बसून केबलचं हँडल पोटाकडे ओढायचे, दोन सेट उरकायचे. मी ३ वर्षं हेच केलं. विंग्ज, म्हणजे काखेखालच्या पाठीच्या बाजू, थोड्या रुंद झाल्या, पण बाजूने बघितलं तर पाठ सपाटच.

माझं म्हणणं असं, की जाडी हवी असेल तर केबल रो पहिला घ्या, ताज्या अंगाने. जाडी दिसते ती मुख्यतः खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे, म्हणजे मधले ट्रॅप्स आणि त्यांच्या खाली दडलेले ऱ्हॉम्बॉइड हे स्नायू, आणि त्यांना जोडून लॅट्स, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू. पाती एकमेकांकडे ओढली गेली आणि दंड मागे गेला तरच हे स्नायू राबतात. बारबेल रोमध्ये वाकून वजन तोलण्यातच ताकद जाते. माझा सेट संपायचा तो कंबर भरून आली म्हणून. पाठीला तोवर काही झालेलंच नसायचं. केबलवर बसून पाय टेकले की कंबरेवरचा तो भार बराच हलका होतो.

एकदा मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगितला. वजन ठरवायची मशिनची पिन ७० वर, आणि मी वल्हं मारल्यासारखा पुढे-मागे झुलतोय! हँडल पोटापर्यंत येतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पिन ४५ वर आणली. व्ही-हँडल बेंबीच्या जरा वर टेकवायचं, एक सेकंद धरायचं, सोडताना तीन मोजायचे, प्लेटवर प्लेट आपटू द्यायची नाही. आठव्या रेपला, म्हणजे आठव्यांदा ओढताना, पाठीच्या बरोबर मधोमध जळजळ सुरू झाली. ती जागा तोवर मला कधी जाणवलीच नव्हती.

लोखंडी_बार:
फॉर्मबद्दल लिहिलंत ते पटलं, निष्कर्ष अजिबात पटला नाही. डोरियन येट्स १९९२ ते १९९७ सलग ६ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे शरीरसौष्ठवातली सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला, आणि त्याच्या पाठीची जाडी आजही उदाहरण म्हणून सांगतात. त्याची ओळखच बारबेल रो आहे. कंबर आधी थकते म्हणता, म्हणजे कंबर कच्ची आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंचे इरेक्टर हे पाठीतच येतात ना? बसून ओढलंत तर त्यांच्या वाट्याला काय येणार?

आणि तुमचे ते ४५ म्हणजे नेमके किती? काही मशिनमध्ये केबल वजनाबरोबर वर-खाली सरकणाऱ्या पुलीवरून येते, तिथे पिन ४५ वर असली तरी हातात साधारण निम्मंच वजन येतं. जिम बदलली की आकडा बदलला. २० किलोचा बार कुठेही २० किलोचाच.

नाशिकचा_पहाटे५:
आकड्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी त्याच मशिनवर, त्याच हँडलने नोंद ठेवतो, दुसऱ्या कुणाशी तुलना करत नाही. पण येट्सचं अर्धंच सांगितलंत. उलट्या पकडीने (तळवे वर करून) जड बारबेल रो मारताना १९९४ मध्ये त्याच्या डाव्या हाताचा बायसेप फाटला. आणि त्याच्या बॅकच्या वर्कआउटमध्ये सरळ पकडीचा केबल रोसुद्धा होता.

लोखंडी_बार:
फाटला तो उलट्या पकडीमुळे. तळवे वर करून जड ओढलं की बायसेपवर ताण येणारच, त्यात बारबेलचा काय दोष? सरळ पकडीने मारा.

ठाण्याची_मृणाल:
माझ्या कंबरेत गादी सरकलेली होती. दीड वर्ष मी बारला हात लावला नाही. फिजिओंनी ओढण्याचा पहिला व्यायाम दिला तो हलक्या केबलचा, त्यामुळे दादा, मी तुमच्या बाजूची. पण एक गोष्ट खटकते. पुष्कळ जण ताण मिळावा म्हणून हँडल सोडताना कंबरेतून पार पुढे वाकतात आणि गोल झालेल्या पाठीनेच झटका देऊन उठतात. माझ्यासारखीला तो एक झटका पुरे आहे. "केबल म्हणजे कंबर सुरक्षित" असं सरसकट वाचून कुणी दुखऱ्या कंबरेने बसलं, तर त्याला हे कुणी सांगायचं?

नाशिकचा_पहाटे५:
ताई, हे मी लिहायला हवं होतं. धड जवळपास स्थिर ठेवायचं, पुढे जाऊ द्यायची ती खांद्याची पाती. हात लांब होतात, पाती सुटतात, तेवढा ताण पुरतो. मग आधी पाती मागे, त्यामागून कोपर. कोपर अंगालगत ठेवलं तर लॅट्सना जास्त लागतं, रुंद बार घेऊन कोपर बाहेर काढलं तर पाठीच्या वरच्या भागाला आणि मागच्या खांद्याला.

करवीरचा_गडी:
मी कोल्हापूरचा, दहा वर्षं तालमीत काढली. आमच्याकडं पाठ तयार झाली ती फावड्यानं हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरून, लाल माती वर-खाली करून आणि दोरावर चढून. केबलवर बसून ओढणाऱ्याची पाठ दिसायला भरते, हे मी बघितलंय. पण कुस्तीत समोरचा गडी मानेला हात घालून खाली ओढतो तेव्हा पाय, कंबर, पाठ, पंजा सगळं एकदम लागतं. बसून कमावलेली ताकद तिथं अपुरी पडते. म्हणून मला बारबेलवाल्या भावांचं जास्त पटतं, आणि त्यांच्याहीपेक्षा दोराचं.

लोखंडी_बार:
करवीर, माझा मुद्दा हाच. वाकून, पायांवर उभं राहून ओढायला शिकलेली पाठ घरातही कामाला येते. भरलेला सिलिंडर कुणी बसून उचलत नाही.

नाशिकचा_पहाटे५:
कुस्तीसाठी दोर आणि फावडं, यावर मी वाद घालणार नाही. पण धागा जाडीबद्दल आहे. सिलिंडर उचलायला माझी डेडलिफ्ट आहेच, ती मी सोडलेली नाही, शनिवारी वेगळी घेतो. स्नायू वाढायला त्याच्यावर पुरेसा ताण यावा लागतो आणि तो दर काही आठवड्यांनी वाढावा लागतो. ४५ पासून सुरू करून ७ महिन्यांत मी त्याच एका सेकंदाच्या थांब्यासह ६० वर आलोय, १० रेप्स, ४ सेट. गेल्या महिन्यात शर्ट शिवायला टाकला तेव्हा शिंप्याने पाठीला टेप लावली, वहीतलं जुनं माप बघितलं आणि पुन्हा लावली. बारबेल रो मारत होतो त्या ३ वर्षांत ते माप फारसं हललं नव्हतं.

ठाण्याची_मृणाल:
सीटची उंची किती ठेवता? आमच्याकडे पाय टेकवायची पट्टी फार वर आहे, गुडघे वाकवले तरी कंबर गोल होते.

नाशिकचा_पहाटे५:
बुडाखाली स्टेपरची एक पाटी ठेवून बघा. मीही तसंच करतो.