अनुभव धागा: थिएटरातला अंधार आणि खिशातला उजेड

परवा कोथरूडला रविवारचा सहाचा शो. पुढच्या रांगेतले गृहस्थ पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा मोबाइल काढून सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा हिशोब वाचत होते. अक्षर एवढं मोठं की मीही वाचला. हल्ली रिंग फारशी वाजत नाही, पण उजेडाचं काय करायचं? "जरा बंद करता का?" म्हटलं, तर "तुम्ही पडद्याकडे बघा ना" हे अस्सल पुणेरी उत्तर. तुमचेही अनुभव लिहा. मोबाइलमुळे काही सुधारलं असेल तर तेही येऊ द्या.

*

आताचं किबे लक्ष्मी, म्हणजे २०१४ पर्यंतचं आमचं प्रभात. तिथे डोअरकीपरची बॅटरी हाच काय तो उजेड. तीही तो पंज्याने झाकून पायाशी धरायचा आणि उशिरा आलेला माणूस त्याच्यामागून चोरासारखा जायचा. आता उशिरा येणारा मोबाइलचा टॉर्च थेट तोंडावर मारून "जी बारा कुठे?" विचारतो. कुणा डॉक्टरला तातडीचं बोलावणं आलं तर पडद्यावर काचेची पाटी यायची. सगळं थिएटर माना वळवून बघायचं, कोण उठतंय.

*

पाटीचा जमाना मी पाहिला नाही, पण उठून जाणारी डॉक्टर मीच. प्रसूतीच्या केसेस असतात, फोन बंद ठेवता येत नाही. कडेची सीट घेते. फोन पर्समध्ये, थरथर मनगटावरच्या घड्याळात. वाटलं, झाली सोय. पण पॉपकॉर्न तोंडाकडे नेलं की घड्याळ उजळायचं. दर घासाला. इंटरव्हलला मागच्या आजी म्हणाल्या, "बाई, खाऊन घ्या एकदाचं." लेकीने मग घड्याळातला थिएटर मोड दाखवला. तो लावला की नुसता हात उचलून काही पेटत नाही. दोन वर्षं घड्याळ वापरत होते, पत्ता नव्हता.

*

मी आरोपींच्या बाजूचा. एका नटाचा चेहरा ओळखीचा, नाव आठवेना, म्हणून ब्राइटनेस पार खाली आणून शोधलं. नावासोबत हेही कळलं की खुनी तोच. बायकोच्या कानात सांगितलं. ते तिने अजून माफ केलेलं नाही.

*

मला दिसत नाही, तेव्हा उजेडाची तक्रार माझी नाही. एक्सएल सिनेमा नावाचं ॲप आहे. सिनेमाचं वर्णन घरूनच उतरवून घ्यायचं. हॉलमध्ये ॲप सिनेमाचा आवाज ऐकतं, आपण कुठवर आलोय ते ओळखतं आणि दोन संवादांच्या मधे कानात सांगतं, "तो पत्र फाडतो." पूर्वी हे काम भाऊ करायचा, कुजबुजत, आणि आजूबाजूचे शूऽऽ करायचे. मी एकाच कानात इअरफोन घालतो. दुसरा कान हॉलसाठी, कारण हशा सगळ्यांबरोबरच ऐकायचा असतो. स्क्रीन काळाच. तरी एकदा रेकॉर्डिंगच्या संशयावरून मला बाहेर बोलावून फोन तपासला होता. मराठी सिनेमा बघायचा म्हटलं की बहुतेकदा वर्णनच सापडत नाही, मग पुन्हा भाऊ. दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांच्या सोयींसाठी केंद्राने १५ मार्च २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बघू.

*

तुम्हाला बोलावलं ते चूकच, पण थिएटरवाले घाबरतात त्याला कारण आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर पडद्याचं चोरून चित्रीकरण केलं तर किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड. आमचा भाचा 'फक्त स्टेटसला' म्हणून हिरोची एंट्री शूट करत होता. कायदा सांगितला तर म्हणे, मामा, सगळेच करतात. खरंच, मान वळवली तर वीसेक मोबाइल वर होते.

*

रविवारचा सहाचा, डावीकडची रांग असेल तर तो टँकरवाला मी. दोन दिवस पाणी नव्हतं आणि सेक्रेटरी मीच आहे. उत्तर जरा तिरकं गेलं, माफ करा. तिसऱ्यांदा काढला तेव्हा मात्र क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.